थिजणारें तेल

मराठींत पाणी गोठतें आणि तूप थिजतें. दोन्ही क्रिया थंडीच्याच. परंतु आपल्या भाषेनें त्यांस दोन निराळीं क्रियापदें दिलीं, आणि तीं उगीच दिलेलीं नाहींत. पाणी शून्य अंशास पोंचलें म्हणजे एकदम आपलें रूप टाकतें. त्यापूर्वीं अर्धा अंशही तें वाहण्यांत कुचराई करीत नाहीं. तुपाचें तसें नाहीं. तें आधीं धुरकट होतें, मग त्यांत कणी धरते, मग तें जडावतें, आणि शेवटीं तपेली कलती केली तरी जागचें हलत नाहीं. पाणी हा एकच पदार्थ आहे, तर तूप हें अनेक स्निग्ध पदार्थांचें मिश्रण आहे. त्यांतील प्रत्येकाचा घट्ट होण्याचा अंश वेगळा. म्हणून ही क्रिया एका क्षणांत न होतां हळूहळू, पायरीपायरीनें होते.

लडाखकडील रस्त्यांवर मोटारींच्या टांक्यांत डिझेल गोठल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें वर्तमानपत्रांतून येत आल्या आहेत. त्यांतील शब्द चुकीचा आहे. डिझेल गोठत नाहीं, थिजतें. तें पाण्याच्या जातीचें नव्हे, तुपाच्या जातीचें आहे. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे तेलावर चालणाऱ्या इंजिनाचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास थोड्या निराळ्या बाजूनें दिसूं लागतो. तो सामान्यतः खनिज तेलाच्या भावाचा आणि राष्ट्रांच्या चढाओढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यांत थंडी हाही एक पक्ष आहे; आणि ज्यांनीं ज्यांनीं झाडांच्या तेलावर इंजिनें चालविण्याचे बेत केले, त्यांनीं या पक्षास सहसा विचारलेंच नाहीं, असें माझें मत आहे.

हा विचार करावयास गोंदिया जिल्हा वाटतो त्यापेक्षां अधिक सोयीचा आहे. विदर्भाचें नांव निघालें कीं पुण्यामुंबईच्या वाचकाला उन्हाळाच आठवतो. परंतु १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झालेला हा पूर्वेकडील जिल्हा तळ्यांचा, धानाच्या बांध्यांचा आणि रानांचा आहे, आणि पौष महिन्यांत येथील पहांटेचें उष्णमान सात-आठ अंश सेंटिग्रेडपर्यंत खालीं जातें. विदर्भांतील नीचांकांच्या यादींत गोंदियाचें नांव पुष्कळदां पहिलें असतें. अशा पहांटे देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतील एखाद्या घरीं टोळीच्या तेलाचें भांडें पाहावें. मोहाच्या फळांतील बी तिला इकडे टोळी म्हणतात. तिचें तेल या रानांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या खाण्यास, दिव्यास आणि अंगास लावण्यास वापरीत आले. उन्हाळ्यांत तें पिवळसर, वाहतें असतें. हिंवाळ्यांत तेंच पांढुरकें होऊन लोण्यासारखें बसतें, आणि काढावयाचें झालें तर भांडें चुलीजवळ सरकवावें लागतें.

त्याच गांवांत धान निघाल्यावर बांधींतील ओलीवर जवस पेरतात. जवसाचें तेल त्याच पहांटे, त्याच फळीवर, पाण्यासारखें पातळ राहतें. एकाच घरांतील दोन तेलांच्या वागण्यांतील हा फरक कोणत्याही गृहिणीस ठाऊक असतो; रसायनशास्त्रानें त्याचें कारण तेवढें पुरविलें. तेलांतील स्निग्धाम्लें म्हणजे कर्बाच्या अणूंच्या लांब सांखळ्या होत. यांपैकीं कांहीं सांखळ्या सरळ असतात. त्यांस संपृक्त म्हणतात, आणि काड्यापेटींतील काड्यांप्रमाणें त्या एकमेकींस चिकटून सहज रचल्या जातात. इतर सांखळ्यांना मधेंच बांक असतो. वांकड्या काड्यांची मोळी जशी नीट बसत नाहीं तशा त्याही रचल्या जात नाहींत. मोहाच्या तेलांत जवळजवळ निम्मीं आम्लें सरळ सांखळ्यांचीं आहेत. जवसाच्या तेलांत हें प्रमाण दहांत एकाच्या आसपास भरतें, आणि निम्म्याहून अधिक भाग तर तीन तीन बांक असलेल्या सांखळ्यांचा असतो. करंजाचें तेल या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी बसतें.

मोहाच्या तेलाचें थिजणें हा दोष आहे असें येथील लोकांनीं कधीं मानलें नाहीं, आणि परक्या व्यापाऱ्यांनींही नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं मोहाच्या बिया हिंदुस्थानांतून जहाजें भरून युरोपांत, विशेषतः जर्मनींत जात. तेथील बाजारांत या तेलास तेल न म्हणतां ‘मवरा लोणी’ म्हणत, आणि साबण व मेणबत्त्या करण्यास तें घेत. मेणबत्तीला थिजणारी चरबीच हवी असते. गुण आणि दोष हे पदार्थांत नसून त्याच्या उपयोगांत असतात, याचें याहून सोपें उदाहरण मिळणें कठीण. घोटाळा झाला तो हें तेल इंजिनांत घालण्याची कल्पना निघाल्यावर.

ती कल्पना मात्र इंजिनाइतकीच जुनी आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९२ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट मागितलें आणि १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें तें यंत्र यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत फ्रेंच ऑटो कंपनीनें याच जातीचें एक लहानसें इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविलें. तें इतक्या सुरळीत चाललें, कीं पाहणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस तेलांतील हा बदल कळला, असें डिझेलनें पुढें लिहून ठेविलें आहे. या प्रयोगामागें फ्रेंच सरकारची इच्छा होती. आफ्रिकेंतील वसाहतींत भुईमूग विपुल. तेथें कोळसा व खनिज तेल लांबून नेण्यापेक्षां तेथल्याच शेंगांवर इंजिनें चालावीं, हा हिशेब. १९१२ सालीं, म्हणजे मृत्यूपूर्वीं एकच वर्ष, डिझेलनें भविष्य केलें कीं वनस्पतींचीं तेलें आज क्षुल्लक वाटलीं तरी कालांतरानें तीं खनिज तेलाच्या तोडीचीं ठरतील. उष्ण प्रदेशांतील तेल उष्ण प्रदेशांतच जाळावयाचें असल्यामुळें थंडीचा प्रश्न या विचारांत उद्भवलाच नाहीं.

तो उद्भवावयास हवा होता बेल्जममध्यें. काँगोंतून येणारें ताडाचें तेल जसेंच्या तसें इंजिनास घातलें तर फार दाट पडतें. वनस्पतितेलें साधारणपणें डिझेलच्या दहापट चिकट असतात, आणि त्यांचें फवारे नीट उडत नाहींत. ब्रुसेल्स विद्यापीठांतील शाव्हान यांनीं त्यावर तोड काढली: तेलाची अल्कोहोलशीं प्रक्रिया करावी, त्यांतील ग्लिसरीन वेगळें करून टाकावें, म्हणजे उरलेला द्रव डिझेलइतका पातळ होतो. ३१ ऑगस्ट १९३७ रोजीं त्यांस याचें पेटंट मिळालें. आज ज्यास बायोडिझेल म्हणतात तें हेंच. पुढच्या वर्षीं ब्रुसेल्स आणि लूव्हाँ या शहरांमध्यें एक प्रवासी बस या इंधनावर चालविण्यांत आली. ती चालविली उन्हाळ्यांत, हें विसरूं नये. ग्लिसरीन काढल्यानें तेल पातळ होतें खरें, पण सरळ सांखळ्या सरळच राहतात. तेलाचा थिजण्याचा स्वभाव त्याच्या बायोडिझेलांत वारशानें उतरतो. ताडाच्या तेलाचें बायोडिझेल दहा-पंधरा अंशांतच धुरकट होऊं लागतें. तीच बस डिसेंबरांत काढली असती तर सकाळची पहिली फेरी बहुधा झाली नसती.

आपल्याकडे हा विषय दुसऱ्या महायुद्धानें आणला. पेट्रोल शिधेवार झालें, मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या, आणि त्याच धांवपळींत १९४२ सालीं चौधरी, मुखर्जी, अग्रवाल आणि वर्मन या चार संशोधकांनीं डिझेल इंजिनास चालणाऱ्या हिंदी वनस्पतितेलांवर एक निबंध प्रसिद्ध केला. १९४७ सालीं पी. व्ही. अमृते या, नांवावरून आपल्याच प्रांतीचे वाटणाऱ्या, लेखकाचा भुईमुगाच्या तेलावरील लेख ऑस्ट्रेलियांतील एका यांत्रिकी मासिकांत आला. याच सुमारास, १९४६ सालीं, खडकीला किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला; पुढें अशाच इंजिनांनीं महाराष्ट्रांतल्या विहिरींवरचे पंप आणि पिठाच्या गिरण्या चालविल्या. कडाक्याच्या सकाळीं इंजिनाच्या जाकिटांत ऊन पाणी ओतावयाचें आणि मग हँडल मारावयाचें, ही युक्ति जुन्या मेकॅनिकांस ठाऊक असे. परंतु युद्ध संपतांच खनिज तेल पुन्हां स्वस्त झालें, आणि भुईमूग खाण्याकडेच राहिला. तें बरेंच झालें. खाण्याचें तेल जाळणें हा आपल्या देशांत शहाणपणा कधींच नव्हता.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. थंडीची अडचण झाडांच्या तेलालाच असते आणि खनिज डिझेल त्यांतून मुक्त आहे, असें कोणी समजूं नये. खनिज तेलांतही सरळ सांखळ्यांचे पदार्थ असतात. त्यांस आपण मेण म्हणतों. आसामांतील नहारकटियाचें कच्चें तेल इतकें मेणयुक्त निघालें, कीं तें १९६२ सालीं गोहत्तीजवळच्या आणि १९६४ सालीं बरौनीच्या शुद्धिकारखान्याकडे नळांतून न्यावयाचें, तर आधीं दुलियाजान येथें तें नव्वद अंशांच्या वर तापवून मग बेताबेतानें थंड करावें लागे. असें केल्यानें मेणाचे स्फटिक बारीक आणि सुटे राहतात, त्यांचें जाळें बनत नाहीं. ११५७ किलोमीटरांचा हा नळ म्हणजे थिजूं पाहणाऱ्या पदार्थाला वाहतें ठेवण्याचा आपल्या देशांतील पहिला मोठा प्रयोग होय. आपल्या मुंबई समुद्रांत १९७४ सालीं लागलेलें तेलही मेणाच्या बाबतींत फारसें सोंवळें नाहीं.

मेणाचा उपद्रव इंजिनांत कसा होतो हेंही पाहण्याजोगें आहे. टांकींतलें सगळें डिझेल घट्ट व्हावें लागत नाहीं. शंभरांत एक-दोन भाग मेण वेगळें झालें कीं पुरे. त्याच्या पातळ पापुद्र्यांनीं इंधनाची गाळणी तुंबते, आणि टांकी भरलेली असून गाडी उपाशी राहते. म्हणून भारतीय मानकांत डिझेलकरितां दोन ऋतु मानले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिंवाळा. त्यांत विकलेलें डिझेल ६ अंशांपर्यंत गाळणींतून गेलें पाहिजे आणि ३ अंशांपर्यंत वाहतें राहिलें पाहिजे. उरलेले आठ महिने हेच आंकडे १८ आणि १५ असे आहेत. गोंदियाची सात-आठ अंशांची पहांट या ६ च्या रेषेच्या किती जवळ येते हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. येथल्या ट्रकवाल्याला हिंवाळ्यांत कांहीं जाणवत नाहीं, त्याचें कारण हवा नव्हे, मानकांतला तो एक आंकडा होय.

जातां जातां मॉस्कोसंबंधीं. १९४१ च्या हिंवाळ्यांत जर्मन रणगाड्यांतील डिझेल गोठलें आणि हिटलर हरला, अशी एक गोष्ट आपल्याकडे व्याख्यानांतून ऐकूं येते. जर्मन रणगाडे पेट्रोलवर चालत. डिझेल होतें तें रशियनांच्या टी-३४ मध्यें. जर्मनांचें जडावलें तें वंगण, आणि तें सोडविण्यासाठीं ते गाड्यांखालीं शेकोट्या पेटवीत. रशियनांचें डिझेल वाहिलें, कारण आपल्या हिंवाळ्याची त्यांना आधींपासूनच ओळख होती.

आतां आपल्याकडील अगदीं अलीकडचा अध्याय. ३१ डिसेंबर २००२ रोजीं दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस पांच टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धांवली. उत्तर हिंदुस्थानांतल्या ऐन थंडीची ती तारीख होती, आणि एवढ्या एका बाबतींत तो प्रयोग बेल्जममधील बसपेक्षां अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. पुढच्याच वर्षीं नियोजन मंडळाच्या समितीनें मोगली एरंडाची, म्हणजे जट्रोफाची, देशभर लागवड करून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्यें वीस टक्के बायोडिझेल मिसळण्याची शिफारस केली. गोंदियाच्या सीमेपलीकडे छत्तीसगडांत तर या झाडाचा जयघोषच झाला. डिझेल आतां आखातांतून नव्हे, परसांतून येणार, अशा अर्थाच्या घोषणा निघाल्या. परसांतून तें आलें नाहीं. पडीक जमिनींत, पाण्यावांचून, मोगली एरंडाला अपेक्षेच्या मानानें फारच थोड्या बिया धरल्या. २००९ च्या धोरणानें वीस टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत लांबविली. २०१८ च्या धोरणानें आंकडाच उतरवून २०३० पर्यंत पांच टक्के केला. आणि त्यानंतरच्या वर्षांतही प्रत्यक्ष मिश्रण एका टक्क्याच्या खालींच राहिलें. जें थोडें बायोडिझेल देशांत होतें, त्याचा पुष्कळ भाग बाहेरून आणलेल्या ताडाच्या तेलाच्या घट्ट अंशापासून आणि तळून उरलेल्या तेलापासून होतो.

या अपयशाचें खापर थंडीवर फोडणें अन्यायाचें होईल. तें उत्पन्नाच्या खोट्या अपेक्षेचें अपयश होतें. परंतु दोहोंच्या मुळाशीं संवय एकच दिसते. कोणतें तेल, कोणत्या जिल्ह्यांत, कोणत्या महिन्यांत, हा प्रश्न शेवटीं विचारावयाचा. ज्या रानांत मोह आणि करंज शतकानुशतकें उभे आहेत, आणि त्यांच्या तेलांचा स्वभाव ज्यांना पाठ आहे असे लोक तेथें नांदत आहेत, तेथें परदेशांतून आलेलें एक झुडूप नव्यानें लावण्याची घाई कां झाली, याचें समाधानकारक उत्तर मला त्या काळच्या कागदपत्रांत सांपडलेलें नाहीं.

श्रीमंत देशांनाही हा धडा फुकट मिळाला नाहीं. अमेरिकेंत मिनेसोटा संस्थानानें सप्टेंबर २००५ अखेर सर्व डिझेलमध्यें दोन टक्के बायोडिझेल सक्तीचें केलें. डिसेंबर उजाडतांच ट्रकांच्या गाळण्या तुंबल्या आणि कायदा कांहीं आठवडे स्थगित ठेवावा लागला. बायोडिझेलांत राहून गेलेलें ग्लिसरीन हें तेव्हां एक कारण सांपडलें: काम घाईनें झालें, धुणें अपुरें पडलें. मिनेसोटानें कायदा मोडीत काढला नाहीं, तपासणी कडक केली. पुढें थंडीच्या महिन्यांस कमी आणि उन्हाळ्यास अधिक, असें प्रमाणही तेथें ठरलें. आपल्या मानकांतील दोन ऋतूंचीच ही दुसरी आवृत्ति.

आपल्याकडे खरी कसोटी लागली ती लडाखांत. उणें तीस अंशांच्या थंडीत लेह, कारगिल, काझा येथील वाहनवाले डिझेलमध्यें रॉकेल मिसळीत किंवा टांकीखालीं शेक देत. १७ नोव्हेंबर २०१९ रोजीं इंडियन ऑईलनें लडाखसाठीं हिंवाळी डिझेल बाजारांत आणलें. पानिपतच्या शुद्धिकारखान्यांत झालेलें हें डिझेल उणें ३३ अंशांपर्यंत वाहतें राहतें. आणि गंमत अशी, कीं त्यांत पांच टक्के बायोडिझेलही आहे. म्हणजे थंडी आणि झाडाचें तेल यांचें वैर जन्मजात नव्हे. कोणतें तेल, किती, आणि बाकीच्या डिझेलांतलें मेण कितपत काढलें, यावर सारें अवलंबून आहे. गोंदियाच्या भातगिरण्यांतून निघणाऱ्या कोंड्याच्या तेलाचें तरी काय करावें लागतें? तेंही मेणयुक्तच, तें आधीं मुद्दाम थंड करतात, खालीं बसलेलें मेण गाळून टाकतात, आणि मग तें बाटलींत भरतात. हिंवाळा येण्याच्या आधींच त्याला हिंवाळा दाखवावयाचा, एवढाच त्या युक्तीचा अर्थ.

याहून मूलगामी उपाय डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनें केला. विमानाच्या इंधनाला उणें ४७ अंशांपर्यंत थिजण्याची मुभा नसते. तेथें साधें बायोडिझेल नेणें म्हणजे तूप नेणें. या संस्थेनें तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली, त्यांतील प्राणवायु काढून टाकला, लांब सांखळ्या तोडल्या आणि उरलेल्या तुकड्यांना फांद्या फोडल्या. फांद्या फुटलेल्या काड्यांची मोळी बसत नाहीं, हें वर आलेंच आहे. २७ ऑगस्ट २०१८ रोजीं डेहराडूनहून दिल्लीस एक प्रवासी विमान असें पंचवीस टक्के इंधन घेऊन गेलें. त्याचें तेल छत्तीसगडांतील शेतकऱ्यांच्या मोगली एरंडाचें होतें. ३१ जानेवारी २०२० रोजीं हवाई दलाचें एएन-३२ विमान १०,६८२ फूट उंचीवरील लेहच्या धावपट्टीवरून दहा टक्के अशाच इंधनावर उडालें. त्याचें तेल छत्तीसगडच्या आदिवासी भागांतील झाडांच्या बियांचें होतें. तीं रानें आणि देवरी-सालेकशाचीं रानें एकमेकांस लागून आहेत.

या नव्या पद्धतीनें मोहाचा हिशेब मात्र उलटा होतो, आणि तो अजून कोणी नीट मांडलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. सांखळीला बांक असला म्हणजे तो सरळ करण्यांत हायड्रोजन खर्ची पडतो, आणि हायड्रोजन महाग असतो. मोहाच्या तेलांत बांक कमी. म्हणजे त्याला हायड्रोजन कमी पुरेल. टांकींत ज्या गुणामुळें तें नापास होतें, तोच गुण कारखान्यांत त्याच्या बाजूनें उभा राहतो. खरी अडचण थंडीची नाहींच, ती पावसाची आहे. टोळी झडते ज्येष्ठ-आषाढांत, नेमका मृग लागून धानाच्या पऱ्ह्यांची घाई सुरू होते तेव्हां. वेंचावयास हात मोकळे नसतात. वेंचलेली वाळवावयास ऊन नसतें. आणि ओलसर बी चार महिने पोत्यांत पडून राहिली कीं तिच्या तेलांतील आम्ल वाढून तें पुढच्या प्रक्रियेस जड जातें. देवरीच्या बाजारांत टोळीचें पोतें येतें तेव्हां व्यापारी मूठभर बी हातांत घेऊन दाबून पाहतो आणि भाव पाडतो, तो या ओलीसाठीं. वाळवणाची एक पत्र्याची शेड आणि झडतीच्या महिन्यांतच होणारी खरेदी, यांचा खर्च विमानाच्या एका चाचणीच्या मानानें किती, तें तज्ज्ञांनीं सांगावें.